खिडकीतली डबी

२ डिसेंबर, सोमवार. मंगरूळपीर

पोचले. अकोल्याहून बार्शीटाकळीपर्यंत उभी, मग जागा मिळाली. लॉज बस स्टँडच्या समोर, पहिला मजला, खोली सहा. चादर स्वच्छ, नळाला पाणी, खिडकीला गज. तक्रार नाही. गावोगावच्या आशाताईंना शिकवायचं, उद्यापासून, शनिवारपर्यंत नाही, पुढच्या शनिवारपर्यंत.

ऑफिसात विचारलं, "सिस्टर, दोन आठवडे बाहेर राहाल का?" दरवेळी नाही म्हणणारी मी पटकन हो म्हणून बसले. खरं कारण इथे लिहायला काय हरकत आहे. वर्षभर वि. घरात माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, काही नाही. मी शेजारी उभी राहून हात हलवते, तो भलतीकडे बघत असतो. चारदा सांगावं तेव्हा एक उत्तर, तेही कपाळाला आठ्या घालून. तो जन्मापासून बहिरा. आमचं सगळं बोलणं हातांचं. त्याने नजर फिरवली की माझं तोंड बंद केल्यासारखंच. सव्वीस वर्षांनी कंटाळला असेल माणूस. कंटाळला असेल तर सांग म्हणावं. पण ते विचारायलाही त्याने आधी माझ्याकडे बघायला हवं.

(नवरा असला तरी वि.ला मी वहीत 'तो'च लिहिते. खुणांत अहो-जाहो नसतं, इथे कुठून आणू.)

मेसेज केला, पोचले. उत्तर आलं: "बर. जेवण कर." लिहायची मराठी त्याला कधी आपली वाटलीच नाही, शाळेत घोटून घेतलेली. त्यात त्याचा राग दिसत नाही, लोभ दिसत नाही.

३ डिसें., मंगळ

पहिला दिवस बरा गेला. तीस-बत्तीस जणी. धनजच्या दोघी अशा बोलतात की मला माझं तोंड उघडायला जागा नाही. आवडल्या.

लॉजच्या काउंटरवर पाटी आहे, वायफाय फ्री. मालक रफिकभाई. विचारलं तर म्हणाले, "हाये ना ताई वायफाय. काउंटरपाशी बसलं का येते, जिना चढलं का जाते." काउंटरपाशी बसून बघितलं. समोर बियाणे कंपनीचे चार विक्रेते टीव्ही बघत पाय पसरून. त्यांच्यासमोर नवऱ्याशी हातवारे? नको रे बाबा.

खोलीत फोनच्या नेटवर व्हिडिओ लावला. वि.चं कपाळ तेवढं आलं, तेही चौकोन-चौकोन. आवाज तुटला तर लोक अंदाजाने समजून घेतात. खूण मध्येच गोठली की हातात काही राहत नाही. दोघांनीही दोन मिनिटं खटपट केली आणि बंद.

४ डिसें., बुध

निघताना रेवाने पुण्याहून पाठवलेलं एक पार्सल बॅगेत टाकायला लावलं होतं. खिशात मावेल असा राउटर, काळी डबी. "आई, दुसऱ्या कंपनीचं सिम टाक, चालू कर, फोन जोड. झालं." लेक आयटीत असली की सगळं असं 'झालं' असतं.

सिमचं दार उघडायला साडीची पिन. सिम उलटं. पुन्हा पिन. पासवर्ड डबीच्या पोटात, मुंगीएवढ्या अक्षरांत. चष्मा लावून, टॉर्च धरून वाचला. फोन म्हणतो जोडलं, पण इंटरनेट नाही. रेवाला फोन. ती तिकडून, "सेटिंगमध्ये जा, आता खाली जा, आता जे लिहिलंय ते खोड." मी म्हटलं, बाळा, मी बाईच्या पोटातलं मूल आडवं आहे का उभं हे हाताने सांगते, पण हे मला जमणार नाही. जमलं. हिरवा दिवा लागला. पण रेंज फक्त खिडकीत.

५ डिसें., गुरु

आज स्वतःच्या अकलेवर हसले. रफिकभाईंनी बजावलं होतं, "खिडकीत काई ठेवू नका ताई. वांदरं नेतात. मागल्या हप्त्यात एका सायबाचा चष्मा नेला, थे वांदर घालून बसलं होतं टाकीवर." म्हणून डबी रिकाम्या टिफिनमध्ये ठेवली, वर झाकण घट्ट, आणि टिफिन खिडकीत. रेंज गायब. रेवाला बोलले, कंपनीला बोलले, सिम काढलं घातलं. शेवटी रफिकभाईंना वर बोलावलं. त्यांनी टिफिन उघडून आत बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, हे भाजी हाये का मशीन? स्टीलच्या डब्यात कोंडल्यावर थे बोलन कोनाशी?"

खालून कांद्याची जाळीची पिशवी आणली. डबी त्यात, पिशवी गजाला दोन गाठींनी. वांदराला गाठ सुटत नाही म्हणे. बघू.

आणि लागलं! लख्ख. वि. शिलाई मशीनशी बसलेला, मशीनचा दिवा तोंडावर, गळ्यात टेप. मी फोन तांब्याला टेकवून ठेवला, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. त्यानेही फोन दोऱ्याच्या रिळांवर ठेवला होता, लांब, मशीनच्या पलीकडे. म्हटलं जवळ घे. नको म्हणाला, असंच बरं.

मग बोलत सुटला. हेडमास्तरीणबाईंनी ब्लाउजचं माप दोन वर्षांपूर्वीचंच लावा असा हट्ट धरला, आणि घालून बघितला तर हूक बसेना, त्याची त्याने नक्कल केली, पोट आत ओढून, डोळे मोठे करून. मी पलंगावर आडवी होईपर्यंत हसले. तो माझ्याकडे बघत होता. सगळा वेळ. एकदाही नजर हलली नाही.

माझा दादा आणि वि. एकाच मूकबधिर शाळेत होते. सुट्टीत वि. आमच्याकडे यायचा तेव्हा असाच बघायचा, मी हात उचलायच्या आधीच समजायचा. म्हणूनच तर केलं लग्न.

६ डिसें., शुक्र

पुन्हा तासभर. त्याने विचारलं, जेवलीस काय? सांगितलं, वांगं, भाकर, ठेचा. तोंडात कसं जळलं तेही दाखवलं. तो हसला.

मला इतकं बरं वाटतंय की भीती वाटते.

७ डिसें., शनि

रफिकभाई जिन्यात थांबले. मान खाली. "ताई, राग नका मानू. समोरचा पानवाला मले इचारे, थ्या बाई खिडकीत रोज कोनाशी भांडून राह्यल्या?"

सांगितलं. नवरा बहिरा आहे, आम्ही हातांनी बोलतो, ते भांडण नाही, तो भाजीचा भाव होता.

रफिकभाईंनी मान वर केली. मग म्हणाले, "मंग थो पिवळा बल्ब कायले ठेवता? हात नीट दिसत नसन त्याइले. पांढरी ट्यूब लावून देतो." लगेच स्टूल आणून लावली. जाताना विचारलं, "सलाम कसा करतात त्याइच्यात?" दाखवला. त्यांनी दारातून फोनकडे बघून केला, फोन बंद होता तरी.

८ डिसें., रवि

सुट्टी. बसने शिरपूरला गेले. डबी पर्समध्ये, चालू. देवळाच्या रस्त्यावर यात्रेकरूंची गर्दी, उसाचा रस, पितळी भांड्यांची दुकानं. वि.ला व्हिडिओवर सगळी गल्ली फिरवली. तो म्हणे, हळू चल. आता डावीकडे. तो म्हातारा काय विकतो ते दाखव. मी त्याच्यासाठी एका बांगडीवाल्यापुढे पाच मिनिटं उभी, बांगडीवाला वैतागला.

हाच माणूस तीन वर्षांत माझ्याबरोबर कुठे आला नाही. संध्याकाळचं लग्न असलं की पोट दुखतं, बाजार असला की काम असतं. आणि आता फोनमधून शिरपूर हिंडतोय, हौसेने. मग माझ्याबरोबर यायला काय झालं होतं? विचारायचं मनात आलं. दिवस चांगला होता, कशाला घालवा.

१० डिसें., मंगळ

काल लिहिलं नाही. काही विशेष नव्हतं, बोलणं झालं, छान झालं.

आज ऑफिसचा फोन. कारंज्याची तुकडीपण घ्याल का, सोळापासून, आणखी दोन आठवडे. मनात नाहीच म्हणायचं ठरवून वि.ला सांगितलं. म्हटलं बघू चेहरा कसा पडतो.

पडला नाही. तो म्हणाला, घे. रहा. डबी आहे. रोज बोलू.

मी म्हटलं, घरी नको का मी?

तो म्हणाला, असं चांगलं आहे.

फोन उलटा करून ठेवला. असं चांगलं आहे म्हणे! बायको वीतभर काचेत ठेवली की चांगली. जवळ आली की आठ्या.

११ डिसें., बुध

डबी लावली नाही. पिशवीत तशीच, बंद.

मेसेज आला: "नेट नाही?" लिहिलं, नाही. मग: "चार्ज बघ." मग: "रफिक ला सांग." मग बऱ्याच वेळाने: "तू बरी?"

शेवटच्याला उत्तर दिलं, बरी. खोटं. त्याला भेटले की दोन शब्द सुनवायचेत एवढं मात्र ठरवलंय.

१२ डिसें., गुरु

नीट लिहायला हवं. 

संध्याकाळी डबी लावली. भांडायलाच. वि. मशीनशी, दिव्यात. मला बघून त्याचे दोन्ही हात वर आले, नुसते आनंदाने. मी राग धरून बसले. तो म्हणाला थांब, एक दाखवतो, आणि उठला. फोन तसाच रिळांवर, मागची खोली दिसत होती. तिथला दिवा लावलेला नव्हता, पण अंधार कसला, खिडकीतून रस्त्याच्या दिव्याचा उजेड होता. मला मंगरूळातून आमचं कपाट दिसत होतं, पाट दिसत होता, मधोमध ठेवलेलं स्टूल दिसत होतं.

त्याला दिसलं नाही. भिंतीवरून हात फिरवत, पाऊल घासत घासत चालला, स्वतःच्या घरात. आणि सरळ स्टुलावर. गुडघा आपटला, वाकला, कपाटाला धरून उभा राहिला.

मी ओरडले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडले त्याच्यासाठी, काय उपयोग. हात हलवले, तर त्याची पाठ. आमच्यात हाक मारायची तर खांद्याला हात लावावा लागतो. खांदा अकोल्यात.

तो कपाटातून काय ते घेऊन परत आला. माझ्यासाठी शिवलेला ब्लाउज, निळा. उजेडात आला तसा चेहरा हसरा केला. मी म्हटलं, गुडघा दाखव. त्याने ब्लाउज दाखवला. गुडघा, म्हटलं. पायजमा वर केला. नवा घाव, आणि खाली जुने डाग किती, काळे, पिवळे. मी नर्स आहे. परवाच वर्गात शिकवलं, संध्याकाळी मूल चाचपडतं का ते आईला विचारा.

कधीपासून? विचारलं.

त्याने ब्लाउजची घडी घातली. मग सांगितलं. अंधारात दिसत नाही, तीन वर्षं झाली. या वर्षी बाजूचंही गेलं. त्याने दोन्ही हातांची नळी करून डोळ्यांना लावली. एवढंच राहिलंय. मधलं. सुई दिसते, दोरा ओवता येतो. कात्री बाजूला ठेवली की गेली.

घरी तू शेजारी येतेस, तो म्हणाला. तोंड बघितलं तर हात जातात. हात बघितले तर तोंड जातं. अर्धी येतेस. शोधून शोधून डोकं दुखतं. फोन लांब ठेवला की तू छोटी होतेस. सगळी मावतेस.

सगळी मावतेस.

मी म्हटलं, मूर्खा, मला वाटलं तू कंटाळलास मला. त्याने दोनदा विचारलं, काय? खूण दिसली होती त्याला, पटली नव्हती. मग रडलो दोघं. रडताना बोलता येत नाही आमच्यात, हात डोळ्यांना असतात.

१३ डिसें., शुक्र

वर्गात काय शिकवलं आठवत नाही. धनजची एक जण जवळ येऊन म्हणाली, "मॅडम, तुमाले बरं नाई वाटत का? चेहरा काहून असा?" म्हटलं झोप नाही.

संध्याकाळी त्याला विचारलं, लपवलंस का. म्हणाला, सुरेश.

सुरेश दादा-वि.च्या वर्गातला. दादा सांगायचा त्याच्याबद्दल. त्याचंही असंच सुरू झालं, आधी रात्र गेली, मग बाजू, मग सगळं. आता भावाच्या घरी मागच्या पडवीत बसून असतो. ताट हातात देतात, घेतात. कोणी बोलत नाही त्याच्याशी, कारण कसं बोलायचं ते कोणाला ठाऊक नाही. वि. दोन वर्षांपूर्वी त्याला भेटून आला होता. मला म्हणाला होता, दुकानाचं कापड आणायला गेलो होतो.

तू मला तसं बसवशील असं वाटलं तुला? विचारलं.

म्हणाला, तू नाही. पण डोळे आहेत तोवर तू सगळी दिसावीस म्हणून रहा म्हटलं कारंज्याला.

म्हणजे मला दोन आठवडे जास्त बघायला मला घरापासून लांब ठेवणार होता. या माणसाचं काय करावं? राग येतो आणि मिठी मारावीशी वाटते, आणि मध्ये अकोला रोड.

ऑफिसला कळवलं, कारंजा नाही जमणार. कारण घरचं. रेवाला सांगितलं. ती आधी रडली, मग डोळ्यांच्या दवाखान्याची मंगळवारची वेळ घेऊन मोकळी झाली. यावेळी तिचं 'झालं' मला गोड लागलं.

१४ डिसें., शनि

समारोप, फोटो, चिवडा. बॅग भरली. गजाची पिशवी सोडायला रफिकभाईच आले, गाठ त्यांनाही सुटेना, शेवटी कापली. त्यांना सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की यांचे डोळे दाखवायचे आहेत.

"ताई, माहे अब्बा शेवटच्या सालात बिलकुल आंधळे होते. पन मानूस ओळखे हातावरून. मी आलो का माहा अंगठा चाचपून पाहे." मग लगेच, "इन्शाअल्ला तशी येळ नाई येनार. घाबरू नका." चहाचे पैसे घेतले नाहीत.

बसमध्ये पूर्ण वेळ डोळे मिटून बसायचा प्रयत्न केला. दोन गावंसुद्धा जमलं नाही.

१५ डिसें., रवि. अकोला

काल दारात तो उभा होता. मी नेहमीसारखी थेट जवळ गेले आणि मग आठवलं, मागे सरले, अंगणाच्या फाटकापर्यंत. तिथून हात केले. त्याला दिसले. शेजारच्या काकू बघत होत्या की ही आली काय, परत चालली काय.

आज दिवसभर शिकतोय. घरात मी कुठे उभी राहिले की सगळी येते ते. स्वैपाकघराच्या दारात येते. देवाच्या कोनाड्यापाशी अर्धी. पलंगावर शेजारी बसले तर नुसता कान. तो सांगतो, सरक, अजून सरक, थांब. स्टूल बाहेर काढलं. दिवे लावून ठेवले सगळीकडे, दुपारपासूनच. लग्न होऊन आले तेव्हाही या घरात एवढं भीत भीत पाऊल टाकलं नव्हतं, आणि एवढं लाडात कोणी बघितलंही नव्हतं.

दोनदा चिडला. मीही एकदा. चिडलो ते दोघांना नीट दिसलं, हेही खूप.

१६ डिसें., सोम

सकाळी त्याने तीन ब्लाउज पुरे केले. मी रजा टाकली.

संध्याकाळी तो म्हणाला, दवाखान्याचं नीट बोलायचंय, फोनवर बोलू. मी स्वैपाकघरात ओट्यापाशी, फोन डब्यांना टेकवून. तो पुढच्या खोलीत मशीनशी. मध्ये एक भिंत. रेवाला कळलं तर हसून लोळेल. पण खरंच नीट बोललो. डॉक्टर काय म्हणेल, तो म्हणाला, मला माहीत आहे. मी म्हटलं तुला माहीत नाही, सुरेशचं वेगळं असेल. असेल, म्हणाला. दुकान किती वर्षं चालेल, रेवाला किती सांगायचं, काठी घ्यायची का. काठी नको म्हणाला, सध्या. बरं, सध्या नको.

मग त्याने विचारलं, फोनमध्येही दिसेनाशी झालीस तर?

भिंतीपलीकडून विचारलं, पण डोळे माझ्यावर होते.  मनात आलं ते सगळं खोटं होतं. फोन बंद केला आणि पुढच्या खोलीत गेले. दिवा मीच घालवला. त्याचे खांदे ताठ झाले. खांद्याला हात लावला, मग त्याचे दोन्ही तळहात माझ्या हातांत घेतले आणि आत खुणा करायला लागले. जेवायला चल. त्याला कळलं नाही. पुन्हा केलं, सावकाश, त्याची बोटं माझ्या बोटांवर धरून. 'जेवण' कळलं. हसल्याचं कळलं मला, त्याच्या पोटावरून.

'डॉक्टर' लगेच कळलं, नाडीवर दोन बोटं ठेवली की झालं. 'रेवा' कळलं. 'घाबरू नकोस' तिसऱ्या वेळी कळलं आणि त्याने ते मलाच परत केलं.

'उद्या' अडलं. ती खूण खांद्यापासून पुढे हवेत करायची असते, बघणाऱ्याला दिसायला. हातात कशी द्यायची? त्याने एक सुचवली, मी एक. दोन्ही नीट बसेनात. भाजी गार झाली तरी बसलो होतो अंधारात, एकमेकांची बोटं धरून, ठरवत.

अजून ठरली नाही.